घर विकल्यावर घराचें काय राहतें?

जुन्या मराठी इनामपत्रांत एक शब्दमालिका वारंवार आढळते : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप. देणारा हे सात शब्द लिहून मोकळा होई. पाणी, झाडें, गवत, लांकूड, दगड, भूमींत दडलेलें धन आणि कोणीं पुरून ठेवलेली ठेव, सारें कांहीं घेणाऱ्याचें झालें. देणाऱ्यानें मागें वळून पाहण्याचें कारण उरलें नाहीं, असा त्याचा अर्थ. लिहिणाऱ्या कारकुनाला हे शब्द तोंडपाठ असत आणि वादाला जागा राहत नसे. निदान कागदावर तरी राहत नसे.

आजचा घरविक्रीचा दस्त याहून पुष्कळ लांब असतो. चतुःसीमा, क्षेत्रफळ, आखीव पत्रिकेवरील क्रमांक, पैशाच्या हप्त्यांच्या तारखा यांनीं पानेंच्या पानें भरतात. परंतु ओसरीवरील बंगई, सांदवाडींतील साग किंवा विहिरीवरचा पंप यांच्याविषयीं त्यांत बहुधा अवाक्षर नसतें, आणि तंटा होतो तो नेमका यांच्यावरूनच. लाखों रुपयांचा व्यवहार निर्वेधपणें पार पडतो, आणि पितळी कड्यांच्या एका जोडीवरून दोन सभ्य घराणीं एकमेकांशीं बोलेनाशीं होतात.

हा प्रश्न कोठेंही उपस्थित होतो हें खरें. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत तो जितका खोल जातो तितका अन्यत्र क्वचितच जात असेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला. तोंपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, जुन्या लोकांच्या तोंडचा चांदा. या मुलखांत जुनें घर मुख्यतः लांकडाचें, परसांत अरण्याचा एक लहानसा तुकडा, आणि कित्येक ठिकाणीं जोत्याखालीं कोळसा. अशा ठिकाणीं घर कोठें संपतें आणि घराबाहेरचें जग कोठें सुरू होतें, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

याविषयींचा मूळ कायदा १८८२ चा, मिळकतीच्या हस्तांतरणाचा. तो १ जुलै १८८२ रोजीं अमलांत आला, आणि मौज अशी कीं, मध्यप्रांताला, म्हणून चांद्यालाही, तो त्याच दिवसापासून लागू झाला. मुंबई इलाख्याला मात्र तो १८९३ सालीं लागू करण्यांत आला. मागासलेला म्हणून ज्या मुलखाकडे पुण्या-मुंबईचे लोक पाहत, त्या मुलखांतील घर कोणत्या नियमानें विकलें जातें हें दहा वर्षें आधींच लिहून ठेवलेलें होतें.

या कायद्याच्या आठव्या कलमाचा भावार्थ असा आहे. लेखांत वेगळा हेतु सांगितलेला नसेल, अथवा लेखावरून तो अपरिहार्यपणें निघत नसेल, तर घराबरोबर त्या घराला जडलेले वहिवाटीचे हक्क, विक्रीनंतरचें भाडें, आणि कुलपें, किल्ल्या, अडसर, दारें, खिडक्या व घराच्या कायमच्या उपयोगासाठीं केलेल्या इतर सर्व वस्तू घेणाऱ्याकडे जातात. या यादींत किल्लीचें नांव आहे हें मोठें मार्मिक आहे. किल्ली भिंतीला चिकटलेली नसते. पदराला बांधून ती कोठेंही नेतां येते. तरी ती घराची. उलट दहा मण वजनाची लोखंडी तिजोरी चार हमालांना हालत नाहीं, पण ती घराची नव्हे, मालकाची. तेव्हां वस्तु जड किती, किंवा ती किती घट्ट बसविली आहे, एवढ्यानें निकाल लागत नाहीं. ती घराच्या सोयीसाठीं तेथें आली कीं माणसाच्या, हें पाहावें लागतें.

इंग्लंडांत १८७२ सालीं अशाच एका वादांत गिरणींतील माग जमिनीस खिळ्यांनीं ठोकलेले होते म्हणून ते गिरणीचा भाग ठरले. त्या निवाड्यांत न्यायमूर्ति ब्लॅकबर्न यांनीं दिलेलें उदाहरण चांद्याच्या माणसाला सहज पटेल. चुन्यामातीवांचून नुसते एकावर एक रचलेले दगड कुंपणाची भिंत म्हणून उभे असतील तर ते जमिनीचे. तेच दगड गवंड्याच्या आवारांत सोयीसाठीं रचून ठेवले असतील तर ते जंगम माल. रचना तीच, दगड तेच. हेतु बदलला कीं मालकी बदलली.

चंद्रपूरच्या जुन्या घरावरील कवेलू हें याचें उत्तम उदाहरण होय. कवेलू कोठेंही खिळलेलें नसतें. ते आपल्याच वजनावर दुसऱ्याच्या आधारानें बसतें. माकडांच्या एका उडीनें दहा-वीस सरकतात, आणि म्हणूनच पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं छप्पर फेरावें लागतें. तरीही छपरावरचें कवेलू घराचें आहे याविषयीं कोणी शंका घेणार नाहीं. आतां त्याच घराच्या सांदवाडींत कोपऱ्याला दोन-चारशें कवेलू रचून ठेवलेले असतात, दरसालच्या दुरुस्तीसाठीं. ते कोणाचे? विकणारा म्हणेल, हा माझा वेगळा माल. घेणारा म्हणेल, हे नसले तर मृगाच्या पहिल्या सरीला घर गळेल, म्हणजे ते घराच्या कायमच्या उपयोगासाठींच आहेत. न्यायबुद्धीनें पाहिल्यास घेणाऱ्याची बाजू अधिक बळकट वाटते. परंतु चारशें कवेलूंसाठीं न्यायालयाची पायरी चढणें शहाणपणाचें नव्हे, आणि चारशें कवेलूंचा उल्लेख दस्तांत करण्यास एकच ओळ लागते.

स्वयंपाकघरांत हा गुंता आणखी रंगतो. जमिनींत पुरलेलें उखळ घराचें, हें उघड आहे. तें उपटून नेलें तर मागें खड्डा राहतो. पण मुसळाचें काय? किल्ली जर कुलुपाबरोबर जाते तर मुसळानें उखळाबरोबर कां जाऊं नये? असा युक्तिवाद करणारा वकील मिळेलही. पाटा-वरवंटा मात्र निःसंशय गृहिणीचा. तो भिंतीला टेकवून उभा केलेला असतो आणि तिच्याबरोबरच तो या घरांत आलेला असतो. जातें कधीं सुटें असतें, कधीं त्याची खालची तळी मातीच्या ओट्यांत बसविलेली असते. पहिलें बैलगाडींत चढतें, दुसरें राहतें. भिंतींतील फडताळ, कोनाडे, खुंट्या घराच्या. बांबूचा विणलेला, शेणानें सारविलेला धान्याचा ढोला दारांतून बाहेर निघत असेल तर मालकाचा. घरांतच विणला गेल्यामुळें तो दारांतून निघतच नसेल, तर त्याचा निकाल दाराच्या चौकटीनेंच लावून ठेवला आहे असें म्हणावें लागेल.

बंगईचा प्रश्न सर्वांत नाजुक. बंगई म्हणजे पुणेकरांचा झोपाळा. माळ्याच्या मयालींत घट्ट बसविलेले लोखंडी आंकडे हे मयालीचेच, म्हणून घराचे. त्यांना अडकविलेल्या कड्या आणि सागाची फळी सुट्या. कायद्याच्या सूक्ष्म दृष्टीनें आंकडे राहतात व फळी जाते, आणि मागें उरलेल्या रिकाम्या आंकड्यांकडे पाहून नव्या मालकाची मुलें हिरमुसतात. "काकू, बंगई असूं द्या ना जी इथंच," असें घेणाऱ्याची सून सहज म्हणून जाते; विकणारी म्हातारी "पाहूं" म्हणते. त्या "पाहूं"मध्यें होकार होता कीं नकार, यावर पुढें दोन वकील दोन महिने बोलत राहतात. त्या फळीवर तिच्या सासऱ्यानें दुपारची वामकुक्षी केलेली असते, तिचीं मुलें तिच्यावर निजलेलीं असतात, आणि नव्या घरांत, बहुधा मुलाच्या नागपूरच्या सदनिकेंत, बंगई टांगण्यास मयालच नसते. तरीही ती नेणें हा तिचा हक्क आहे, आणि तो तिनें बजावला तर तिला हट्टी ठरविण्याचें कारण नाहीं.

येथें भाडेकरूचा विचार वेगळा करावयास हवा. त्याच कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणें भाडेकरूनें स्वतः बसविलेल्या वस्तू तो जागा ताब्यांत असेपर्यंत काढून नेऊं शकतो. अट एवढीच कीं, घर ज्या स्थितींत मिळालें त्या स्थितींत त्यानें परत करावें. तेव्हां तोच आंकडा मालकानें बसविला असेल तर राहतो, भाडेकरूनें बसविला असेल तर भोक बुजवून नेतां येतो. भाडेकरूसह घर विकत घेणाऱ्यानें तर ही चौकशी आधींच केलेली बरी.

विजेच्या वस्तूंनीं या जुन्या प्रश्नाला नवे फांटे फोडले आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. तेथें कूलर ही चैन नसून गरज आहे. खिडकीबाहेर लोखंडी चौकटीवर ठेवलेला कूलर केवळ वजनानें उभा असतो, तो विकणाऱ्याचा. त्यासाठीं भिंतींत गाडलेली चौकट मात्र घराची. भिंतींतील तारा, बटणें, गच्चीवरील पाण्याची टाकी, नळ हीं घराचीं. विहिरीवरील पंप सिमेंटच्या पायावर बोल्टांनीं बसविला असेल तर तो विहिरीच्या उपयोगासाठीं आहे, सबब राहतो. पाण्यासाठीं चार दिवस आणून ठेवलेलें इंजिन जातें. दिव्यांच्या काचासुद्धां काढून नेणारे महाभाग असतात. त्यांना अडविण्यास कायद्यापेक्षां शेजाऱ्यांची जीभ अधिक समर्थ असते.

देवघर राहतें, देव जातात. या बाबतींत वाद जवळजवळ होत नाहीं, आणि झालाच तर तो विकणारा व घेणारा यांच्यांत न होता भावाभावांत होतो. १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें कलकत्त्याच्या एका घराण्याच्या वादांत असें सांगितलें कीं, कुलदैवताची मूर्ति ही नुसती जंगम वस्तु नव्हे. तिच्याही हिताचा स्वतंत्रपणें विचार झाला पाहिजे. तुळशीवृंदावन बांधीव असल्यामुळें राहतें. त्यांतील तुळस मुळें धरून असते, म्हणून तीही राहते; घरची स्त्री मंजिऱ्या ओंजळींत घेऊन निघते, आणि त्याला हरकत घेणारा घेणारा अद्याप कोणी पाहिलेला नसेल.

घराच्या आंतील वस्तूंचा हा विचार झाला. पण कधीं कधीं घर हीच सुटी वस्तु असते. मालगुजारी गांवांत गांवठाणाची जागा मालगुजाराची आणि तीवरील रयतेचीं घरें रयतेचीं, अशी विभागणी असे. जमिनीला जें चिकटलें तें जमीनमालकाचें, हा रोमन व इंग्रजी विचार येथें तंतोतंत लागू करणें म्हणजे गरिबाचें छप्पर हिरावून घेण्यासारखें झालें असतें. १८६६ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें, सर बार्न्स पीकॉक यांच्या अध्यक्षतेखालीं, स्पष्ट केलें कीं या देशाच्या रूढीप्रमाणें केवळ जमिनीला चिकटल्यामुळें इमारत जमीनमालकाची होत नाहीं. हक्क आहे अशा प्रामाणिक समजुतीनें बांधणाऱ्यास आपलें सामान काढून नेण्याचा, अथवा तें मालकानें ठेवून घेतल्यास मोबदला मिळण्याचा अधिकार आहे. मराठी दस्तांत "जागा व इमला" असे दोन शब्द निरनिराळे येतात त्यांतील इंगित हेंच. इमला विकतां येतो, जागा राहूं शकते.

या जिल्ह्यांत इमल्याला मोल असतें तें सागवानामुळें. आलापल्लीच्या सागाची कीर्ति सांगावयास नको. २०२३ सालीं अयोध्येंतील राममंदिराच्या दारांसाठीं लांकूड गेलें तें याच मुलखांतून. जुन्या वाड्याच्या चौकटी, मयाली, वासे कित्येकदां वाड्याच्या भिंतींहून अधिक किमतीचे असतात, आणि वाडा पाडून नवी इमारत उठविण्यासाठींच तो विकत घेणारा गिऱ्हाईक त्यांच्यावर डोळा ठेवून असतो. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें, जमिनीला जोडलेली वस्तु विक्रीपूर्वीं अथवा विक्रीच्या करारान्वयें वेगळी करावयाचें ठरलें असेल तर ती माल होते. म्हणून विकणाऱ्यास जुनें लांकूड स्वतःकडे ठेवावयाचें असल्यास तसें लिहून घेणें त्याला शक्य आहे. न लिहितां सही केली कीं देवडीची चौकट सुद्धां गेली. आणि इमारती लांकूड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं न्यावयाचें म्हणजे जंगलखात्याच्या वाहतूक परवान्याचा विचार करावा लागतो, हें या मुलखांत कोणास वेगळें सांगावें लागत नाहीं.

लांकडाची ही कथा. मग उभ्या झाडाची काय? याचें उत्तर देतांना कायद्यानें एक विलक्षण भेद केला आहे. जमिनींत रुजलेलें झाड स्थावर, पण "उभें इमारती लांकूड" स्थावर नव्हे. म्हणजे एकच साग एका दृष्टीनें जमिनीचा आणि दुसऱ्या दृष्टीनें बाजाराचा. हा भेद सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो या भागाला लागून असलेल्या भंडारा जिल्ह्यांतील अरण्यावरून. एका जमीनदारानें २६ एप्रिल १९४८ रोजीं आपल्या पत्नीस लेख करून दिला : जमीनदारींतील ठराविक अरण्यांतून बांबू, जळाऊ लांकूड व साग तोडून नेण्याचा हक्क, मुदत डिसेंबर १९६० पर्यंत, मोबदला २६,००० रुपये. लेख नोंदविलेला नव्हता. पुढें जमीनदारी गेली, अरण्य सरकारचें झालें, आणि तोड बंद करण्यांत आली तेव्हां ती स्त्री न्यायालयांत गेली. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या नांवानें १९५८ चा तो निवाडा कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो.

त्यांत न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं स्वतंत्र मत लिहिलें. बोस हे पूर्वीं नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. साग आणि मोह यांतला फरक त्यांना पुस्तकांतून शिकावा लागला नसावा. त्यांचा विचार असा : जें झाड तोडण्याजोगें झालें आहे आणि इतक्या लवकर तोडलें जाणार आहे कीं उभें असूनही तें लांकूडच मानतां येईल, तें इमारती लांकूड. एरवीं तें झाड. कारण तें भूमींतून पोषण घेत राहतें. बारा वर्षांनीं तोडण्यास योग्य होणारें झाड आज लांकूड नव्हे. म्हणून बारा वर्षांचा तो हक्क हा स्थावराचा हक्क, आणि शंभर रुपयांवरच्या स्थावराचा लेख नोंदणीवांचून लंगडा. शांताबाईंचा अर्ज फेटाळला गेला. सव्वीस हजार रुपये आणि बारा वर्षांची आशा एका न नोंदविलेल्या कागदावर तरून जाऊं शकली नाहीं.

सांदवाडींतील एकुलत्या सागालाही हाच नियम लागतो. घर विकलें, झाडाविषयीं मौन पाळलें, तर साग घेणाऱ्याचा. "हा साग येत्या दोन महिन्यांत मी तोडून नेईन" असें लिहून ठेवलें तर तो विकणाऱ्याचें लांकूड ठरूं शकतो; "माझी मुलगी लग्नाची होईल तेव्हां नेईन" असें लिहिलें तर तो पुन्हां झाड होतो. आंबा, मोह, फणस हे फळांसाठीं राखलेले वृक्ष. त्यांना इमारती लांकूड म्हणणें कठीण, म्हणून ते घराबरोबरच जातात. त्यांतून तोडण्यास परवानगी निराळीच. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यानें साग, मोह, आंबा, चिंच अशा झाडांवर मालकाचाही हात बांधला आहे, आणि शहरांतील झाडांसाठीं १९७५ चा वेगळा कायदा आहे. वेळूच्या बेटाला तर कायद्यानें कित्येक वर्षें झाडच मानलें. अरण्याबाहेरील बांबूला वृक्षांच्या व्याख्येंतून वगळण्यांत आलें तें २०१७ सालीं. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठीं १९६९ चा निराळा कायदा आहे, आणि त्याची जमीनच बिगर-आदिवासीस विकावयाची तर महसूल संहितेच्या ३६-अ कलमाप्रमाणें जिल्हाधिकाऱ्याची पूर्वसंमति लागते. गडचिरोलींत घर घेऊं इच्छिणाऱ्यानें बंगईची चौकशी नंतर करावी, ही आधीं करावी.

घराबरोबर काय राहतें याचा सर्वांत मोठा हिशेब या भागांत ३१ मार्च १९५१ रोजीं झाला. त्या दिवशीं मध्यप्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्यान्वयें मालगुजार व जमीनदार यांची गांवांवरील मालकी सरकारकडे गेली. ही विक्री नव्हती. नुकसानभरपाई देऊन केलेलें ग्रहण होतें. परंतु प्रश्न तोच होता. अरण्य गेलें, पडीत जमीन गेली, गांवठाण गेलें, धानाच्या शेतीला जगविणारे तलाव बव्हंशीं गेले. आणि मावळत्या मालकाकडे काय राहिलें? कायद्याच्या पांचव्या कलमानें सांगितलें : गांवठाणांतील त्याच्या इमारती, त्याचीं देवस्थानें, त्याच्या दीर्घकाळच्या ताब्यांतील आवारें आणि त्या आवारांतील विहिरी व झाडें. जल, तरु, तृण, काष्ठ या शब्दांनीं जें पूर्वजांना मिळालें होतें, तें आवाराच्या भिंतीपर्यंत येऊन थांबलें. भिंतीच्या आंतील आंबा त्याचा, बाहेरचा सरकारचा. ज्या मालगुजारानें आवारांत विहीर खणण्याऐवजीं गांवासाठीं तलाव बांधला, त्याचा तलाव गेला. ज्यानें फक्त आपल्या अंगणांत विहीर बांधली, त्याची विहीर राहिली. कायद्याला हें टाळतां आलें नसतें, पण त्यांतला उपरोध लपत नाहीं.

ते तलाव आजही "मामा तलाव" म्हणून ओळखले जातात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालकाचें नांव पुसलें गेलें, तरी "माजी" होऊन तें पाण्याला चिकटून राहिलें आहे.

विकणारा जातांना वस्तू मोजतो, पण हक्क मोजीत नाहीं. आणि घराला चिकटलेले हक्क हे बंगईच्या कड्यांहून पुष्कळ घट्ट असतात. उतरत्या छपराच्या पागोळ्यांचें पाणी वीस वर्षें उघडपणें, निर्वेधपणें व हक्कानें शेजाऱ्याच्या अंगणांत पडत आलें असेल, तर १८८२ च्याच वहिवाटीच्या कायद्यानें तो हक्क घराला जडतो, व घर विकलें कीं नव्या मालकाकडे जातो. शेजाऱ्यानें "जुन्या मालकांना आम्ही चालूं देत होतों, तुम्हांला नाहीं" असें म्हणणें फुकट. मात्र हीच गोष्ट उलटही असते. या घराच्या विहिरीवर पलीकडच्या घरच्या बायका हक्कानें पाणी भरत आल्या असतील, तर विहिरीबरोबर त्याही आल्या. चंद्रपुरांत परकोटाच्या आंतील अरुंद बोळांतून, पठाणपुरा काय किंवा जटपुरा काय, भिंतीला भिंत लागलेलीं घरें आहेत. तेथें एका घराचा आधार दुसऱ्याच्या भिंतीवर असतो. तो आधार काढून घेण्याचा अधिकार कोणी विकतही नाहीं आणि कोणी विकतही घेत नाहीं.

आतां जोत्याच्या खालीं. पाषाण, निधि आणि निक्षेप हे तीन शब्द तेथले. निधीचा निकाल १८७८ सालींच लागला : दहा रुपयांहून अधिक किमतीचें पुरलेलें द्रव्य सांपडल्यास तें जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन घालण्यांत आलें. म्हणून आजीनें चुलीखालीं पुरलेल्या हंड्याच्या आख्यायिकेची किंमत घराच्या किमतींत मिळवणाऱ्यानें सावध असावें. खनिजांचा मालक सरकार. चंद्रपूरच्या कित्येक वस्त्यांखालीं कोळशाचे थर आहेत आणि जुन्या भुयारी खाणींच्या पोकळ्याही आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्यें घुग्घुस येथें एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. घरच्या माणसांना आधींच हादरा जाणवला म्हणून तीं बाहेर पडलीं व वांचलीं.

कोळसा सरकारचा, पण पोकळी घराबरोबर येते. आणि याच ठिकाणीं विकणाऱ्यावर कायद्यानें टाकलेली सर्वांत महत्त्वाची जबाबदारी सुरू होते. पंचावन्नाव्या कलमाप्रमाणें, घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही दिसणार नाहीं असा मिळकतीचा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक असेल तर तो त्यानें सांगितलाच पाहिजे. न सांगणें ही लबाडी मानली जाते. मयालीच्या पोटांतील वाळवी, नवा रंग देऊन झांकलेली भेग, इरईच्या पुरांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलें होतें तें, आणि खालून खाण गेली आहे असें वाडवडिलांकडून ऐकलेलें असेल तर तेंही. बंगई न्यायची कीं ठेवायची हें म्हातारीच्या मर्जीवर सोडतां येईल, ही माहिती मात्र तिच्याबरोबर नागपूरला जातां कामा नये.

शेवटीं कागद. किंमत पुरी चुकती झाली कीं मालकीचे सर्व दस्तऐवज घेणाऱ्याचे होतात. आजोबांच्या हातचा मोडी लिपींतील खरेदीखताचा कागद कौटुंबिक आठवण म्हणून ठेवून घ्यावा असें मुलांना वाटतें, पण तो घराचा आहे. हवी तर त्यांनीं त्याची प्रत ठेवावी. भावांनीं वाड्याचे भाग करून निरनिराळ्यांना विकले असतील तर सर्वांत अधिक किमतीचा भाग घेणाऱ्याकडे मूळ कागद राहतात, आणि इतरांना गरज पडेल तेव्हां ते दाखविण्याचें व सुरक्षित ठेवण्याचें ओझेंही त्याच्यावर पडतें. विकणाऱ्यानें वाड्याचा एखादा भाग स्वतःकडे ठेवला असेल तर कागद तो ठेवूं शकतो, त्याच अटीवर.

या कागदांनाच एक साधी यादी जोडतां येते. राहणाऱ्या वस्तू एका बाजूला, जाणाऱ्या दुसऱ्या बाजूला; बंगई, कूलर, पंप, रचलेले कवेलू, सांदवाडींतील साग तोडावयाचा असल्यास कोणत्या तारखेच्या आंत, विहिरीवर पाणी भरणारीं घरें कोणतीं, आणि किल्ल्या किती. किल्ल्या मोजून घ्याव्या. जुन्या घरांत एक-दोन किल्ल्या अशा निघतात कीं त्यांचें कुलूप कोणालाच सांपडत नाहीं. कलमाच्या शब्दांप्रमाणें त्याही घेणाऱ्याच्याच.